सून बाजूलाच उभी होती

तुमसरच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण एम.ए.च्या वर्गाला मी बायबल शिकवते, असं कळलं की समोरच्याचा चहाचा घोट तोंडातच राहायचा. “म्हणजे चर्चमध्ये काय मॅडम?” नाही हो, कॉलेजात. “म्हणजे तुमी त्या…?” नाही, मी लाखनीच्या धान पिकवणाऱ्या घरातली, आमच्याकडे दिवाळीला गोधन पुजतात. “मंग कायले?” या ‘कायले’चं उत्तर देता देता माझी नोकरी संपली. निवृत्त झाले तरी सुटका नाही. सकाळी फिरायला निघाले की राईस मिलवाल्यांच्या बाई मला गाठतात आणि पुन्हा पहिल्यापासून विचारतात. संपादकांनी दिवाळी अंकासाठी “तुमच्या कामातलं काहीतरी लिहा” म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. बाईंच्या हातात अंकच ठेवला की काम भागेल.

तर कायले? इंग्रजी साहित्य वाचायचं तर बायबलच्या गोष्टी माहीत असाव्या लागतात. आपल्याकडे पुराणातल्या गोष्टी माहीत नसतील तर निम्मी गाणी डोक्यावरून जातात, तसंच ते. म्हणून अभ्यासक्रमात तो एक पेपर होता, आणि कोणी घ्यायला तयार नसल्यामुळे तो माझ्या गळ्यात पडला. पहिल्या तासाला मी पोरांना सांगायची, की हे एक पुस्तक समजू नका, भरलेलं कपाट समजा. त्यात गोष्टी आहेत, कायदे आहेत, भांडणं आहेत, प्रेमाची गाणी आहेत, पत्रं आहेत, आणि अमक्याचा मुलगा तमका अशा पानंच्या पानं वंशावळी आहेत. लिहिणारे निराळे, काळ निराळा, सांगायची तऱ्हा निराळी. कोणी दुःखाबद्दल चाळीस पानं वाद घालतो, कोणी तीन मरणं दोन ओळींत उरकतो. हे खरं आहे का, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी सोडवावा. वर्गात आपण एवढंच बघायचं, की सांगणारा काय सांगतो, काय गाळतो आणि कुठे थांबतो.

या शेवटच्या वाक्यावर एकदा एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ माझ्याशी भांडायला आले होते. निवृत्त कंपाउंडर. पांढरा शर्ट, बगलेत स्वतःचं बायबल, वापरून वापरून मऊ झालेलं. “बाई, तुम्ही आमच्या धर्मग्रंथाला कथा-कादंबरी म्हणता असं ऐकलं.” मी म्हटलं, “मागच्या बाकावर बसा, ऐका, मग ओरडा.” त्या दिवशी येशूच्या आयुष्याची चार कथनं सुरू होती. एकच आयुष्य, चार सांगणारे. एकाला घाई आहे, तो ‘लगेच’, ‘तेवढ्यात’ करत पळत सुटतो. दुसरा आजारी माणसं आणि बायका बारकाईने टिपतो. तिसऱ्याला प्रत्येक गोष्टीचा धागा जुन्या ग्रंथांशी जोडायचा आहे. चौथा तर विचारात पडलेला कवीच. एका पोराने नेहमीचा प्रश्न केला, “मॅडम, परीक्षेले कोनतं लिहायचं?” मी काही बोलायच्या आत कंपाउंडर मागून म्हणाले, “चारही लिही रे, माझ्या आईने मला चारही वाचून दाखवली होती.” ते वर्षभर येत राहिले. भांडायचं राहूनच गेलं.

आता माझी चूक सांगते. वर्गाचं इंग्रजी कच्चं असायचं, म्हणून मी सोबत मराठी भाषांतर ठेवायला लावायची. काही मुली त्यावर वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणायच्या, म्हणजे बाहेरून नाव दिसू नये. मला त्याचा फार राग यायचा. “चोरीचा माल आहे का? काढा ते कव्हर!” म्हणून मी स्वतःच्या हाताने फाडायची. मोठ्या तोऱ्यात फाडायची. मी तुमसरात स्वतःच्या घरी राहत होते, नवरा मास्तर, विचारणारं कोणी नाही. त्या मुली कोणत्या घरात परत जातात, त्या घरात पुस्तकाचं नाव कोण वाचतं, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी वर्गात रंजना होती. बपेऱ्याची, मध्य प्रदेशच्या सीमेजवळून रोज एसटीने येणारी. लग्नानंतर नवऱ्यानेच तिचा एम.ए.चा फॉर्म भरला होता, आणि पहिलं वर्ष संपायच्या आधी तो आजारपणात गेला. मूलबाळ नाही. सासू-सासऱ्यांनी तिला माहेरी पाठवलं नाही, तीही गेली नाही. शिकून कुठेतरी मास्तरीण व्हायचं, म्हणजे घर आपल्याला चालवता येईल, एवढा तिचा सरळ हिशोब. वर्गात फार बोलायची नाही, पण बोलली की नेमकं बोलायची.

त्या वर्षी मी एक गोष्ट शिकवायची गाळली. रूथची. विधवा सासू आणि विधवा सून, दोघी परदेशातून पायी सासूच्या गावी येतात, अशी ती गोष्ट. आधीची सगळी वर्षं मी ती आवडीने शिकवली होती. पण समोर रंजना बसलेली, कपाळ मोकळं. माझी जीभ रेटेना. “यावर प्रश्न येत नाही, पुढे चला,” असं मी सांगितलं. तास संपल्यावर रंजना टेबलापाशी थांबली.

“मॅडम, थे प्रकरण काहून गाळलं?”

“वेळ कमी आहे गं.”

“बरं जी,” म्हणाली आणि गेली. मी मनात म्हटलं, बरं झालं, पोरीचा जीव दुखावला नाही. स्वतःच्या समजूतदारपणाचं मला कौतुकही वाटलं.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना तिचा फोन आला. एसटीत ती वाचत बसली होती, कोणीतरी तिचा फोटो काढला. पुस्तकाला कव्हर नव्हतं, नाव स्पष्ट दिसत होतं. तो फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला.

“लोक बोलून राहिले मॅडम, सदारामची सून किरिस्ताव होऊन राहिली म्हनून. मामाजी म्हनतेत, आता घरीच राय. मी परीक्षेले नाही येत.”

“आणि तुझं काय म्हणणं आहे?”

“माहं कोन पुसते जी,” ती म्हणाली. मामाजी म्हणजे सदाराम, तिचे सासरे. आवाजात रडणं नव्हतं, म्हणून मला जास्त भीती वाटली. एक पेपर बुडाला की वर्ष बुडणार, आणि एकदा घरी बसली की पुन्हा बाहेर पडणं कठीण. कव्हर मी फाडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी बपेऱ्याला निघाले.

एप्रिल महिना. अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली, त्यांचा गोडूस वास. सदाराम बाजेवर बसले होते, सत्तरीचे, अंगाने काटक, डोळे मोठे. रंजनाची सासू कौतिकाबाई आमच्याकडे पाठ करून मोहफुलांतला कचरा निवडत होती. मी आले तेव्हा तिने मान वळवून बघितलं, पदर सारखा केला आणि परत निवडायला लागली. रंजनाने पाणी आणलं.

अभ्यासक्रम, विद्यापीठ, पदवीचं महत्त्व असं भाषण मी एसटीत तयार केलं होतं. सदारामांनी पहिल्याच वाक्याला त्याची वाट लावली.

“मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. मी चवथी पास. पन मले एवढं सांगा, आपल्या पुस्तकाईचा दुष्काळ पडला काय?”

मला आठवलं, रंजनाने एकदा वर्गात सांगितलं होतं की सासरे दंडार करतात. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाच-गाण्याचा खेळ. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा भर दुपारी चौकात होतो. बायांची कामं पुरुषच करतात. सदाराम तरुणपणी राणी व्हायचे, आणि ती राणी रडली की बघणाऱ्या बाया पदराने डोळे पुसायच्या, अशी त्यांची ख्याती.

“तुम्ही इतकी वर्षं गोष्ट लोकांसमोर उभी केली,” मी म्हटलं. “या पुस्तकातली एक ऐका. गोष्ट कशी बांधली आहे ते मला सांगा. नाही आवडली तर मी चहा पिऊन जाते.”

त्यांनी बाजेवर मांडी घातली. “वाचा. पन मी मधात टोकीन.”

मी मुद्दाम योनाची गोष्ट काढली, कारण ती विनोदी आहे. देव एका माणसाला सांगतो, अमक्या शहरात जा आणि लोकांना ताकीद दे. तो उलट्या दिशेची होडी पकडतो. सदाराम इथेच हसायला लागले. मग वादळ, मोठा मासा, माशाच्या पोटात तीन दिवस. शेवटी तो त्या शहरात जातो, लोक सुधारतात, देव त्यांना माफ करतो. आणि हा माणूस रुसतो, की यांना माफ केलंच कसं! शहराबाहेर एका वेलीच्या सावलीत बसतो. किडा वेल खातो, हा वेलीसाठी चिडतो. तेव्हा देव विचारतो, तुला एका वेलीची एवढी कळकळ, मग मला त्या शहरातल्या माणसांची, गुराढोरांची नसावी का? मी पुस्तक मिटलं.

“मंग?” सदाराम म्हणाले.

“संपली.”

“अवो, अशी कशी संपली? त्यानं जबाब काय देल्ला?”

“लिहिलेलं नाही.”

“पान फाटलं असन.”

“नाही हो. एवढीच आहे. दोन हजार वर्षांहून जास्त काळ लोक विचारत आहेत.”

“आमी असा खेल सोडला तं लोक गोटे मारतीन!” ते चिडले होते आणि खूशही होते. दंडारीत प्रत्येकाला आपलं गाणं मिळतं, दुःख झालं की गायचं, राग आला की गायचं, बघणाऱ्याला काही कमी पडू द्यायचं नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, “तीच तर दोन तऱ्हांमधली गंमत. तुमचा सांगणारा सगळं देतो, हा हातचं राखून ठेवतो.” वीस मिनिटं आम्ही वाद घातला. माझ्या कित्येक प्राध्यापक मित्रांबरोबर इतका चांगला वाद कधी झाला नव्हता. दारात उभ्या रंजनाच्या चेहऱ्यावर जराशी आशा दिसायला लागली.

तेवढ्यात कौतिकाबाई बोलली. पाठ आमच्याकडेच.

“हे नोको. बहू दुपारच्यान पुटपुटत वाचते, थे वाचा.”

रंजनाचा चेहरा उतरला. तिने आतून आपलं पुस्तक आणलं आणि खुणेचं पान उघडून माझ्या हातात दिलं. रूथचं प्रकरण. मी वर्गात गाळलेलं तिने घरी एकटीने वाचलं होतं, अनेकदा वाचलं होतं, पानाचा कोपराच सांगत होता. माझा कसला समजूतदारपणा! तिला जे हवं होतं तेवढंच नेमकं मी तिला दिलं नव्हतं. आणि आता ते मला तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या अंगणात, त्याच्या आईसमोर वाचायचं होतं.

“दुसरं काही वाचू का, बाई?”

“थेच.”

मी वाचू लागले. दुष्काळ पडतो, एक कुटुंब परदेशी जातं. तिथे बाप मरतो. दोन मुलांची लग्नं होतात. दहा वर्षांत दोघंही मरतात. कसे मेले, कोण रडलं, काही नाही. सगळं चार-पाच ओळींत. कौतिकाबाईचा हात मोहफुलांवर थांबला. म्हातारी आपल्या गावी परत निघते, दोन्ही सुनांना माहेरी जा म्हणते. एक जाते. दुसरी जात नाही, तुम्ही जाल तिथे मी येणार, म्हणते. दोघी चालत गावात पोचतात. गावच्या बाया गोळा होतात, ही तीच का, विचारतात. म्हातारी सांगते, माझं जुनं नाव घेऊ नका, मी इथून भरलेली गेले होते आणि देवाने मला रिकामी परत आणलं.

“अन् बहू कोठी होती?” कौतिकाबाईने विचारलं.

“तिथेच. बाजूलाच उभी होती.”

“मंग थे रिकामी कशी?”

“अवो, दुखानं बोलली थे,” सदाराम म्हणाले.

“तुमी चूप राहा, मी मॅडमले पुसलं.” आणि मग मला, “बहू काय बोलली मंग?”

“काही नाही. पुस्तकात काही लिहिलेलं नाही.”

बावीस वर्षं मी ती गोष्ट शिकवली होती. त्या जागी माझ्या प्रतीत पेन्सिलीने ‘भरलेली–रिकामी, विरोध लक्षात घ्या’ असं लिहिलेलं आहे. सून त्या वेळी कुठे उभी होती, तिने ते वाक्य ऐकलं का, हे मी एकाही वर्गाला विचारलं नाही. माझ्या मनातच आलं नव्हतं.

“अठी तं बहूले गानं पायजे होतं,” सदाराम हळूच म्हणाले आणि गुणगुणायला लागले. दोन सूर झाले आणि त्यांचे तेच थांबले. कौतिकाबाई आमच्याकडे वळून बसली होती.

“माहा पोरगा गेला तवापासून कोनी बसाले आलं का मी हेच सांगते,” ती म्हणाली. “आता घरात कोनी नाही म्हनते. दोन म्हातारे उरलो म्हनते. अन् चाय बहूच आनून देते. हरेक बार थेच आनते.”

रंजना दारात रिकामे पेले हातात धरून उभी होती. ती रडली नाही आणि तिने नाही-नाही असंही म्हटलं नाही. मला सांगायचं होतं की गोष्ट इथे संपत नाही, शेवटी गावच्या त्याच बाया म्हातारीला म्हणतात, ही सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे. पण पुढचं कोणी विचारलं नाही. कौतिकाबाईने मोहफुलं टोपल्यात भरली, उठली आणि आत गेली.

“मॅडम, साडेबाराची बस हाय,” सदाराम म्हणाले.

परतीच्या एसटीत मी स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. पोरीची परीक्षा वाचवायला गेले आणि एका आईच्या जखमेत बोट घालून आले. परीक्षेबद्दल तर कोणी एक शब्द काढला नव्हता, मीही नाही. नंतर तीन आठवडे रंजनाचा फोन नाही. मी लावला तर उचलला गेला नाही.

मधल्या काळात काय झालं ते मला पुढे कळलं. हातपंपावर कोणीतरी त्या फोटोचा विषय काढला, तेव्हा कौतिकाबाईने सांगितलं, “पुस्तक हाय, साप नोहे. माह्या अंगनात वाचलं, मी आयकलं.” सदारामांनी तर परीक्षेनंतर कहरच केला. त्या साली दिवाळीनंतरच्या मंडईत त्यांनी माशाच्या पोटातल्या माणसाचा खेळ बसवला, आणि देवाच्या प्रश्नाला त्याच्या तोंडी सात कडव्यांचं उत्तर घातलं. मला आवर्जून बोलावलं होतं. उत्तर चांगलं होतं. मूळ सांगणाऱ्याने ऐकलं असतं तर त्याला नक्कीच आवडलं नसतं, असं मी सदारामांना म्हटलं, आणि ते फार खूश झाले.

पण परीक्षेच्या त्या सकाळी मला हातपंपावरचं काहीच माहीत नव्हतं. मी पर्यवेक्षक होते. पेपर वाटायला दहा मिनिटं उरली आणि खिडकीजवळचा रंजनाचा बाक मोकळा. पाच मिनिटं उरली, तरी मोकळाच. मी उगाच उत्तरपत्रिका पुन्हा पुन्हा सारख्या करत होते. घंटा झाली आणि रंजना धापा टाकत दारात आली. एसटी उशिरा आली होती. तिने माझ्याकडे बघितलं, जागेवर बसली आणि पेनाचं टोपण काढलं. माझे डोळे भरून आले. मी फळ्याकडे तोंड करून परीक्षेची वेळ पुन्हा एकदा लिहिली, ती आधीच लिहिलेली होती.

मधल्या फेरीत मी व्हरांड्यात आले. फाटकाजवळच्या कडूनिंबाखाली पोरांना सोडायला आलेली माणसं बसली होती. त्यांत कौतिकाबाई होती, शेजारी पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेला डबा. तीन तास ती तिथून हलली नाही. शेजारच्या बाईने बोलणं काढलं होतं, व्हरांड्यात सगळं ऐकू येत होतं.

“पोरगी हाय काय जी तुमची आत?”

“बहू.”

“अन् घरी कोन कोन असता?”

कौतिकाबाईने कॉलेजच्या खिडक्यांकडे बघितलं. रंजना नेमकी कोणत्या खिडकीत आहे ते तिला तिथून दिसत नव्हतं, तरी ती एकेक खिडकी बघत राहिली.

“तिघं आहोत जी आमी,” ती म्हणाली.